मास्तरीणबाईंच्या कानातली शिट्टी

ज्या गृहस्थामुळे हे सगळं झालं, तो आता चांगली गाडी चालवतो. रस्त्यात दिसला की खिडकीतून हात करतो. त्याच्यावर धड रागावताही येत नाही, हे मास्तरीणबाईंचं पहिलं दुखणं. कानाचं दुखणं त्यानंतरचं.

मास्तरीणबाई म्हणजे गाडी शिकवणाऱ्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि "क्लच, क्लच, अहो क्लच!" करत राहायचं, यात त्यांची निम्मी हयात गेली होती. त्या दिवशी गजबजलेल्या चौकात हा गृहस्थ, पेशाने दातांचा डॉक्टर, सिग्नल हिरवा झाल्याबरोबर गाडी बंद पाडून बसला. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागून एक ट्रक तिरका घुसला आणि त्याचं तोंड थेट बाईंच्या उघड्या खिडकीशी आलं. ट्रकवाल्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. आणि डॉक्टरसाहेब काय करत होते? स्टिअरिंग सोडून, ट्रकवाल्याकडे वळून हात जोडत होते.

"हात स्टिअरिंगवर!" बाई ओरडल्या. पण स्वतःचाच आवाज त्यांना कापसातून आल्यासारखा वाटला.

संध्याकाळपर्यंत कापूस गेला. मागे एक बारीक शिट्टी राहिली. झोपून उठल्यावर जाईल म्हणून बाई झोपायला गेल्या, तर झोपच आली नाही. सकाळी शिट्टी होती. आठवडा गेला, महिना गेला, शिट्टी होतीच.

कानाच्या डॉक्टरने बॅटरी मारून कानात पाहिलं. "पडदा चांगला आहे. याला औषध असं काही नाही. लक्ष देऊ नका, सवय होते."

"किती दिवसांत?"

"ते माणसावर असतं."

"माणूस मीच आहे. समोर बसलेय."

डॉक्टर हसला आणि त्याने ऐकण्याची एक तपासणी लिहून दिली.

घरी तऱ्हा वेगळी नव्हती. बाईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा. दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवून "हे स्पष्ट की हे? आता? आणि आता?" असं विचारून विचारून घरी आला, की त्याच्याजवळ शब्द म्हणून उरायचे नाहीत. भला माणूस, पण मुखदुर्बळ. तोही म्हणाला, "अगं, लक्षच देऊ नकोस तू."

"अहो, तुमच्या कानाशी कोणी शिट्टी वाजवत बसलं तर काय कराल?"

त्याने खरोखर विचार केला. "दुसऱ्या खोलीत जाईन."

बाईंनी हातातली बशी जरा जोरातच ठेवली.

सासूबाई म्हणाल्या, "या वयात माझं काय काय वाजतं! मी कधी सांगते का?" आणि मग गुडघा कसा वाजतो, खांदा कसा वाजतो, जांभई दिली की जबडा कसा वाजतो, हे त्यांनी जेवण होईपर्यंत सांगितलं. शेजारणीने कोमट तेल सुचवलं. शिकायला येणाऱ्या एकीने श्वास कोंडून धरायला सांगितलं, दुसऱ्याने कानात वाफ घ्यायला. एक तर म्हणाला, "बाई, मागच्या जन्मी तुम्ही कोणावर तरी खूप ओरडला असाल, त्याचं हे फळ." त्याला बाईंनी लगेच याच जन्मात ओरडून दाखवलं.

गंमत अशी की दुखणं कोणाला दिसत नव्हतं. हात मोडला असता तर लोकांनी प्लास्टर पाहून तरी हळहळ केली असती. कानात शिट्टी वाजते म्हटलं की लोक आधी थांबून स्वतः ऐकायचे, आणि मग "नाही बुवा" असा चेहरा करायचे.

कामावरही शेकू लागलं. गाडी शिकवताना बाई डोळ्यांपेक्षा कानावर चालायच्या. इंजिन कण्हायला लागलं की गिअर बदलायचा, हे त्यांना बघावं लागत नसे. आता शिट्टीच्या आड इंजिन नीट ऐकू येईना. एकदा एका आजोबांना त्यांनी "अहो गिअर बदला!" म्हणून दोनदा झापलं, आणि आजोबांनी तो आधीच बदललेला होता. आजोबा रागावले नाहीत. पण गाडीतून उतरताना त्यांनी "येतो बाई" ज्या कीव आल्यासारख्या आवाजात म्हटलं, त्याने बाई दिवसभर धुमसत राहिल्या.

शेवटी धाकट्या बहिणीने त्यांच्या फोनवर एक ग्रुप शोधून दिला. "ताई, कान वाजणाऱ्यांचा ग्रुप आहे हा. एकदा बघ तरी."

"म्हणजे माझ्यासारखे रडके आणखी गोळा झालेत?"

"बघ तर."

बाईंनी बघितलं आणि त्यांचं डोकं उठलं. ग्रुपवर खऱ्या नावाने कोणी नव्हतंच. ज्याला जो आवाज येतो, तेच त्याचं नाव. कोणी रातकिडा, कोणी फ्रीज, कोणी डास. ग्रुप चालवणारी एक निवृत्त नर्स होती, तिचं नाव कुकर. तिने वरच बजावून ठेवलं होतं: न विचारता उपाय सांगायचे नाहीत, आणि "लक्ष देऊ नका" असं लिहिणाऱ्याला बाहेर काढलं जाईल. हे बाईंना पटलं. पण खाली पाहावं तर सकाळी सकाळी फुलांचे फोटो. रातकिडा नावाचा माणूस रोज आपला आवाज आज कालपेक्षा वाढला असं जाहीर करायचा. त्या हिशेबाने एव्हाना त्याचं घर कोसळायला हवं होतं. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी आली.

एका दुपारी, पुढचा शिकाऊ यायचा होता तेवढ्यात, बाईंनी उभ्या गाडीत बसून 'शिट्टी' या नावाने पहिला संदेश टाकला. "इथे कोणी बरं झालंय का? झालं असेल तर कसं ते सांगा. नसेल तर फुलं कसली पाठवताय?"

आता सगळे तुटून पडणार, अशी त्यांची तयारी होती. भांडायला त्यांना बरंच वाटलं असतं.

कुकरचं उत्तर आलं. "फुलांवरून मीही रोज ओरडते. कोणी ऐकत नाही, इथे सगळ्यांचेच कान गेलेले. पूर्ण बरं कोणी झालेलं नाही, खोटं कशाला सांगू? जगणं सोपं झालंय, ते बऱ्याच जणांचं. तुमची शिट्टी कशी आहे?"

बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. कशी आहे? डॉक्टरने विचारलं नव्हतं. नवऱ्याने विचारलं नव्हतं. बहिणीनेही नाही. आवाज कसा आहे हे जगात कोणालाच जाणून घ्यायचं नव्हतं, सगळ्यांना तो फक्त थांबायला हवा होता.

"बारीक आहे," त्यांनी लिहिलं. "काचेवर काच घासल्यासारखी. डाव्या कानात जास्त. मान वळवली की चढते, आणि माझ्या धंद्यात मान सारखी वळवावी लागते."

"जबडा आवळून बघा," डासाने लिहिलं. "माझा चढतो."

बाईंनी दात करकचून आवळले. शिट्टी खरंच चढली. सोडले, उतरली. पुन्हा आवळले. तेवढ्यात पुढचा शिकाऊ दार उघडून आत डोकावला आणि बाईंचा तो चेहरा पाहून म्हणाला, "मी उद्या येऊ का?"

त्या दिवसापासून बाई ग्रुपवर राहिल्या, पण गुण्यागोविंदाने नव्हे. रातकिड्याशी त्यांचं रोज वाजायचं. कुकरशी तर फारच. ऐकण्याच्या तपासणीला बाई गेल्या, तेव्हा त्यांना एका छोट्या बंद खोलीत बसवून वर हेडफोन चढवले होते. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. त्या मुक्या खोलीत शिट्टी अशी फुगली, की यंत्राचा आवाज कुठला आणि आपला कुठला हेच कळेना. बाई बटण टाकून बाहेर आल्या आणि तडक घरी गेल्या. ग्रुपवर त्यांनी लिहिलं, "पुन्हा जाणार नाही."

"जाणार," कुकरने लिहिलं. "बाहेर येण्याआधी त्या तपासणाऱ्या मुलीला सांगितलंत का, की कान वाजतो?"

"तिला कळायला नको?"

"तुमच्या कानात ती बसलीय का? तिला म्हणावं, सलग आवाज नको, तुटक तुटक दे. शिट्टी सलग आहे ना तुमची? मग तुटक आवाज वेगळा ओळखता येतो. आणि जायच्या वेळी इथे सांगून जा."

बाई चरफडत दुसऱ्यांदा गेल्या. बाहेरच्या बाकावर बसून फोन पाहिला, तर रातकिड्याचा संदेश होता. "मीही त्या खोलीतून पळालो होतो. दुसऱ्या वेळी निभलं. माझा आज फार वाढलाय, पण तुमचं होईपर्यंत मी इथे आहे." त्याच्यासारख्या माणसाने हे लिहावं, याचा बाईंना इतका राग आला की उत्तर टाइप करताना बोटं चुकत होती. आत जाऊन त्यांनी तुटक आवाज मागितला. मुलगी "हो, देते की" म्हणाली. एवढंच होतं! तपासणी पूर्ण झाली. डाव्या कानाला उंच सूर कमी ऐकू येत होते. त्यासाठी कानामागे बसवायचं एक छोटं यंत्र मिळालं, आणि त्याने इंजिनाचं कण्हणं पुन्हा ऐकू यायला लागलं. शिट्टी जागची हलली नाही, पण आता निदान तिच्याशेजारी दुसरं काही होतं.

फ्रीज या सगळ्यांत कमी बोलायचा. तो एका स्टुडिओत आवाज मुद्रित करायचा आणि उभा जन्म हेडफोन लावून त्याचे कान गेले होते. एकदा बाईंनी वैतागून लिहिलं, "घरच्यांना कसं सांगायचं हेच कळत नाही. तोंडाने शिट्टी वाजवून दाखवली, तर सासूबाई म्हणाल्या, सूर चांगला लागलाय." त्यावर फ्रीजने विचारलं, "बनवून देऊ का?"

"काय?"

"तुमचा आवाज."

दुसऱ्या दिवसापासून तो छोटे छोटे आवाज पाठवू लागला. संध्याकाळचा शेवटचा शिकाऊ गेला की बाई गाडीतच बसून ऐकायच्या. "पहिला जवळचा की दुसरा?" "दुसरा. पण तो गोल आहे, माझी टोकदार आहे." "टोकदार. बरं." पुढच्या वेळी खरंच टोकदार यायचा. "थोडी खाली घ्या. नाही, एवढी नको. तिच्यामागे जरा वाफ सुटल्यासारखं आहे." बाईंना मध्येच जाणवलं, हे तर आपला नवरा भिंगं बदलत विचारतो तसंच चाललंय. एका अनोळखी माणसाने, ज्याच्या स्वतःच्या कानात फ्रीज घरघरतोय, आपल्यासाठी रोज हे करत बसावं? "कंटाळलात तर सोडून द्या," असं त्यांनी लिहिलं. त्याने उत्तरादाखल पुढचा आवाज पाठवला.

तो त्यांनी लावला. आधी वाटलं, बिघडला, वाजतच नाहीये. मग त्यांनी तो बंद केला आणि काहीच बदललं नाही. चालू केला, बंद केला. तीच शिट्टी. बाहेरून आणि आतून एकच. बाईंना रडू कोसळलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा चिडल्या.

जेवणानंतर त्यांनी नवऱ्याला टेबलाशी बसवलं आणि त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले.

"हे काय आहे?"

"ऐका."

"किती वेळ ऐकू?"

"ऐकवेल तितका."

तो हाताची घडी घालून बसला. मग घडी सुटली. मग कपाळाला आठ्या पडल्या. थोड्याच वेळात त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, जरा लांबच सरकवले.

"हे असं? आत्तासुद्धा?"

"आत्तासुद्धा."

"आणि मी तुला म्हणालो, दुसऱ्या खोलीत..." तो थांबला. "मी बोलतो तेव्हाही वाजतं?"

"कोणी बोलत असलं की जरा मागे जातं."

त्याने खुर्ची बाईंच्या जवळ ओढली. मग एकदम म्हणाला, "मग मी गप्प का बसलोय?"

आणि तो बोलू लागला. ज्या माणसाच्या तोंडून दिवसाला चार वाक्यं निघायची नाहीत, तो ठरवून, नेटाने बोलू लागला. दुकानात कोण आलं, कोणाला कोणती फ्रेम शोभत नव्हती आणि तरी त्याने तीच कशी घेतली, भिंगावर ओरखडे का पडतात. सासूबाईंनीही हेडफोन मागून घेतले, ऐकलं, "अगं बाई" म्हणाल्या आणि गुडघ्याची कथा नव्याने सुरू केली, पण या वेळी सुनेवर उपकार म्हणून. बाईंनी ग्रुपवर तक्रार केली. फ्रीजने फक्त एक हसरा चेहरा टाकला. कुकरने लिहिलं, "बोलू द्या हो. माझा नवरा बोलत नाही."

परवा दोघं नवरा-बायको गाडीने निघाले होते. गाडी बाई चालवत होत्या. शेजारी बसून नवरा जवळच्या आणि लांबच्या नंबरात काय फरक असतो ते समजावत होता, आणि बोलता बोलता त्याने नेमका आरशासमोर हात आणला. बाईंचं वळण चुकलं. लोकांना रस्ते शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंचं वळण चुकलं!

"तुमच्या बडबडीत गेलं ना ते!" बाई कडाडल्या. "कानाशी नुसती कटकट! पुढून फिरून यावं लागणार आता."

"अगं, पण शिट्टी?" त्याने काळजीने विचारलं. "शिट्टी येतेय का आत्ता?"

मघापासून बाईंना ती आठवलीच नव्हती. त्यांनी कान लावून पाहिला, आणि कान लावला तशी ती आली, टोकदार, मागे वाफ सुटल्यासारखी.

"आता कशाला विचारलंत!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी गिअर बदलला.