आईच्या वाटीचं वजन

आई गेल्यावर तिची पितळी वाटी वहिनीकडे राहिली आणि आम्हा दोघी बहिणींचे रव्याचे लाडू बिघडायला लागले. आईचं सगळं प्रमाण त्या वाटीचं, आणि आमच्या वाट्या वेगळ्या. परवा माहेरी गेले, तर वहिनी ओट्यावर वजनकाटा मांडून उभी.

"थांबा वन्सं, सगळं ग्रॅममध्ये काढून देते."

वाटीभर साखर झाली, मग वाटीभर रवा. वाटी तीच, पण रवा हलका भरला. मला उगीचच गंमत वाटली. वाटीवर रव्याची छान शीग आली होती. मी सवयीने बोट फिरवून ती सपाट करायला गेले, तर वहिनीने माझा हात धरला.

"राहू द्या. सासूबाई कधी सपाट करायच्या नाहीत."

मी जन्मभर आईचे लाडू खाल्ले, पण तिची वाटी भरताना कधी पाहिली नाही. माप वाटीचं म्हणतो आपण. असतं ते भरणाऱ्या हाताचं. दुसऱ्या घरून आलेल्या या बाईने तो हात नीट पाहून ठेवला होता.

काट्यावरचा आकडा हलत हलत थांबला. वहिनीने तो मोठ्याने वाचला, शिगेसकट.