शेळीची साक्ष

१२ एप्रिल १९३४. अंगणात उडदाचे पापड घातले होते. चूल पेटवून परत आले, तर अर्धी चटई रिकामी!

"तुझ्या शेळीनं खाल्ले," मी शेजारच्या फाटकवाल्याला म्हणाले. "कोंडवाड्यात घालते तिला."

लोणावळ्याच्या रेल्वेफाटकावर असतो हा. पाऊस आहे का विचारलं, तरी हात बाहेर काढल्याशिवाय 'व्हय' म्हणत नाही.

"खाताना पायलं का, मावशी?"

"नाही. पण तीच चोरटी!"

"पापड गेले, ह्ये खरं. शेळी चोरटी, ह्ये तुमचं म्हणणं."

मग त्यानं शेळीचं तोंड उघडून हुंगलं आणि पडेल आवाजात म्हणाला, "हिंग. हिनंच खाल्लेत."

अशा माणसाच्या शेळीला कोंडवाडा कसला?

१३ एप्रिल. आज सकाळी पापडांच्या राखणीला मी त्यालाच बसवलं. पापड कमी भरले, हे खरं. कोणी खाल्ले, हे नुसतं माझं म्हणणं. त्याचं तोंड मी हुंगलं नाही.