दुसरं मुंडासं

एखाद्यावर सूड उगवायचा असेल तर त्याच्या माणसाला मन लावून शिकवावं, असं माझं मत आहे. लोक हसतात. त्यांना वाटतं, मी गंमत करतोय. मग मी मांडी ठोकतो, पानाला चुना लावतो आणि महाडच्या कापडदुकानाची हकिकत काढतो. ती संपेपर्यंत कोणाला उठू देत नाही.

गज जाऊन मीटर आला, त्या सुमाराची गोष्ट. महाडच्या बाजारपेठेत शेठचं दुकान होतं आणि मी तिथं गुमास्ता होतो. मूळचा पोलादपूरकडचा, पंचविशी गाठलेला. शेठ मागच्या गादीवर लोडाला टेकून असायचे. दुकान चालवायचे ते थोरले गुमास्ते. सगळे त्यांना काका म्हणत. परीटघडीचं धोतर, काळी टोपी आणि हातात लोखंडी गज. सरकारनं मीटर आणला तरी काकांनी गज सोडला नाही. त्या गजानं कापड मोजायचं बंद झालं होतं, आमची बोटं मोजायचं चालूच होतं.

दुकानाचा सगळा रुबाब बस्त्यावर. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून कापड घ्यायला येत, त्याला बस्ता म्हणतात, हे काही सांगायला नको. पण आमच्या खोऱ्यांत बस्त्याला आणखी एक माणूस येई, तो नात्यातला नसे. तो गावकीचा म्हातारा, गावच्या पंचांतला. बस्त्यातलं पहिलं कापड त्याचं, म्हणजे एक मुंडासं. गावाचा मान झाल्याशिवाय बायकांचं एक लुगडं उलगडायचं नाही. तिथून पुढे मग नवरीचा शालू, आत्याचं लुगडं, मामाचा फेटा. कोण कुठल्या क्षणी रुसेल ते ओळखायचं आणि तो रुसायच्या आत त्याच्या मांडीवर कापड टाकायचं. ही काकांची विद्या. ती त्यांनी कोणाला दिली नाही. त्यांचा नियम एकच, बस्ता चालू असताना गुमास्त्यानं तोंड उघडायचं नाही. मी मागून तागे काढून द्यायचो, आणि तोंड बंद असल्यामुळे माझे कान मोकळे असायचे.

आता रागाचं कारण. माझ्या बहिणीचं लग्न शिवथरच्या खोऱ्यात ठरलं आणि बस्ता आमच्याच दुकानात आला. तिच्या सासऱ्यानं दोन शालू समोर धरले. कोणता घ्यावा, असं त्यांचं चाललं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिला हिरवा आवडतो."

काकांनी गज खाली ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "इथं तू पोरीचा भाऊ नाहीस. माझा गुमास्ता आहेस. बाहेर जाऊन उभा राहा."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. उन्हात. बस्ता बांधून होईपर्यंत. माझी आई आत बसून माझ्याकडे बघत होती आणि बहिणीची सासूही बघत होती. घेतला तो लाल शालू. पुढे कितीतरी वर्षं बहिणीला सासरी भांड्याला भांडं लागलं की ऐकावं लागे, "तुझ्या भावाला तर दुकानात बसायची पण सोय नाय गो." हे तिनं मला रडत सांगितलं असतं तर मी विसरलो असतो. तिनं ते हसत सांगितलं.

पुढल्या वर्षी पावसाळा सरता सरता काकांनी आपला भाचा आणला. मुंबईत गिरणीत होता, तिथं जमलं नाही. पोरगा दांडगा, हसरा, केसांना तेल चोपडलेलं. काकांनी त्याला माझ्यासमोर उभा केला. "याला तयार कर. दिवाळीपर्यंत. शेठला एक माणूस जास्त होतोय, तेव्हा दिवाळीनंतर तू तुझं बघ."

म्हणजे माझ्याच हातानं माझी जागा झाडून, पुसून, गादी घालून द्यायची. गावाला माझ्या वाटचं शेत नव्हतं. चुलत्यांनी आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर खडी फोडायला ये म्हणून निरोप आधीच धाडला होता. शेजारचा दुसरा गुमास्ता कानात म्हणाला, "शिकव त्याला उलटसुलट. पहिल्याच दिवशी तोंडावर आपटेल." मी त्याच्याकडे कीव करून पाहिलं. उलटसुलट शिकवणं हे कच्च्या माणसाचं काम. त्यानं भाचा आपटला असता आणि दोष माझ्यावर आला असता. मला भाचा आपटायला नको होता. मला काका हवे होते.

म्हणून मी ठरवलं, याला माझं काम शिकवायचंच नाही. याला काकांचं काम शिकवायचं.

दुपारी काका जेवून घरी वामकुक्षी करत. शेठ गादीवर घोरत. तेवढ्यात आमची शाळा भरे. मी डोक्यावरून लुगडं घेई आणि वरमाय होई. ते काढून पागोटं चढवलं की व्याही. गुडघ्यात मान घालून बसलो की रुसलेली आत्या. भाच्यानं समोर बसून बस्ता चालवायचा.

"आत्या, हे बघा, मोरपिशी," भाचा म्हणे.

"मला कशाला? मी कोण?" मी आत्या.

"मग वरमायला देतो."

"दे की. तिचंच घर हाय. आमी आपल्या वाटेनं जाऊ."

"दादा, ही बाई लई खतरनाक हाय," भाचा घाम पुसत म्हणे.

"बाई कापडाला हात लावत नाय, ते बघितलंस का? जी कापड ओढून बघते ती रुसणार नाही. जी हात मांडीखाली घालून बसली तिच्याकडे आधी जा."

पोरगा हुशार निघाला. मला तो आवडू लागला, ही एक पंचाईतच. पण सूड भक्कम असला की प्रेमानं बिघडत नाही. मी त्याला गावंही शिकवली. कोणत्या गावात कोणाचं कोणाशी बोलणं नाही, कुठली सोयरीक मोडली, कुठं बांधावरून मारामारी झाली. आमच्या घरासमोर नदीपलीकडे, कापडे गावाच्या अंगाला एक गाव आहे. त्या गावची गावकी शिमग्यात फुटली होती. पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा यावरून. आता त्या गावात दोन गावक्या आणि दोन म्हातारे. एका लग्नाला दोघांना बोलवावं लागे, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून बसत.

"असा बस्ता आला तर काय करशील?" मी विचारलं.

"दोन मुंडाशी देईन. फिकर काय."

"आधी कोणाला?"

भाचा डोकं खाजवू लागला. मग मी दोन्ही म्हातारे झालो. इकडे बसून एक, उडी मारून तिकडे बसून दुसरा. उजव्या हातानं एकाला नि डाव्यानं दुसऱ्याला दिलं तर डाव्या हाताचा काठी काढणार. आम्ही हसून हसून तागे पाडले. शेवटी उत्तर सापडलं. तेही मी त्याच्याकडून घोकून घेतलं.

दिवाळी आठवड्यावर आली आणि त्या गावचा बस्ता दारात उतरला. देव कधीकधी अगदी वेळेवर असतो. बायका, पोरं, नवरदेवाचा बाप, आणि त्यांच्या मागून दोन म्हातारे. एक डाव्या खांबाला टेकला, दुसरा उजव्या. शेठही त्या दिवशी जागे होते. मी लुगड्यांच्या थप्पीमागे जागा धरली. नाटकाला मी एवढी चांगली जागा कधी मिळवली नव्हती.

काकांना फुटलेल्या गावकीची वार्ता नव्हती. महाडात घर, कापडात मान, खोऱ्यात त्यांचं पाऊल कशाला पडतंय. दुसरा म्हातारा त्यांना नवऱ्याचा आजा वाटला असावा. त्यांनी कोरं मुंडासं उचललं. भाचा पुढे सरकून म्हणाला, "मामा..."

"गप," काका म्हणाले.

मी थप्पीमागे डोळे मिटले. सुखानं.

काकांनी हसत ते मुंडासं डाव्या खांबाच्या म्हाताऱ्याच्या हातात ठेवलं. "घ्या बाबा, गावाचा मान." उजव्या खांबाचा म्हातारा उठला. वहाणा पायात सरकवल्या आणि चालू लागला. त्याच्यामागे नवरदेवाचा चुलता उठला, मग त्याची बायको, मग तिकडची सगळी माणसं. समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन म्हातारा बसला. समोरचा दुकानदार लगबगीनं पान घेऊन बाहेर आला. नवरदेवाचा बाप मध्येच उभा, रडकुंडीला आलेला.

"काय झालं?" शेठनं विचारलं.

काका म्हणाले, "उन्हानं डोकं फिरलं असेल म्हाताऱ्याचं. येईल."

"तो नाय येयाचा," नवरदेवाचा बाप म्हणाला. "आन् तो नाय तर आमी पण इथनं काय घेत नाय. अर्धा गाव मांडवात येयाचा नाय आमच्या."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फक्त मान हलवली. तोंड नाही उघडलं.

पोरगा आधी डाव्या खांबाच्या म्हाताऱ्याकडे गेला, वाकला आणि हळूच म्हणाला, "बाबा, ते द्या हिकडं. डागाचं हाय ते. मामांच्या ध्यानात नाय आलं. दुसरं देतो." डाग कुठला? पण दिलेलं मुंडासं मान न दुखावता परत घ्यायला दुसरी वाटच नव्हती. म्हाताऱ्यानं मुंडासं सोडलं आणि काकांकडे असं पाहिलं, की काका टोपी चाचपू लागले.

"डागाचं? मला?" म्हातारा म्हणाला.

काकांना हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना.

भाच्यानं हळदीकुंकवाचं तबक रिकामं केलं, त्यात दोन कोरी मुंडाशी शेजारी शेजारी ठेवली आणि तबक शेठच्या हातात दिलं. "शेठ, उंबऱ्यात उभं राहा. हातानं कोणाला काय देऊ नका." मग रस्ता ओलांडून पायरीवरच्या म्हाताऱ्यापाशी जाऊन उकिडवा बसला.

"बाबा, शेठ तबक घेऊन उभं हायत. तुमचं तुमी उचलायचं."

"आन् तो?"

"त्यांचं ते उचलतील. दिलेलं परत घेतलंय."

"परत घेतलं?" म्हाताऱ्याला हसू फुटलं. ते त्यानं पानाबरोबर थुंकून टाकलं आणि उठला.

दोघांनी एकदमच हात घातला. एकानं दुसऱ्याच्या आधी घालू नये म्हणून दोघं थोडे थांबले, हेही मी बघितलं. मग सगळी माणसं आत आली आणि बस्ता भाच्यानं चालवला. आत्या हात मांडीखाली घालून बसली होती. पहिलं लुगडं तिच्याकडे गेलं. मी मागून तागे फेकत होतो आणि काका गज हातात धरून भिंतीला टेकले होते. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

माणसं गेल्यावर शेठनं भाच्याला जवळ बोलावलं. "हे मामानं शिकवलं?"

"मामा काय शिकवतात? मामा म्हणतात गप. दादांनी शिकवलं. दुपारी आत्या होतात ते."

शेठ माझ्याकडे बघून हसले नाहीत. कोणाचा डाव कोणावर होता, गादीवरच्या माणसाला तेवढं कळतं. म्हणाले, "बस्त्याला इथून पुढे तुम्ही दोघं बसा. काका, तुम्ही पंचे-टॉवेल बघा. दगदग नको या वयात."

काकांनी मला मागच्या खोलीत गाठलं. "तुला ठाऊक होतं. मला सांगितलं का नाहीस?"

"बस्ता चालू होता, काका."

दिवाळी आली नि गेली. मी दुकानातच होतो. पंच्यांचं फडताळ दाराशी होतं, तिथं दुपारपर्यंत ऊन येई. काका तिथं बसत. बाजारच्या दिवशी खेड्यातल्या बाया त्यांच्याकडून एकेक पंचा उलगडून घेत, नाकाशी धरत, न घेताच परत देत आणि म्हणत, "जरा बिगीबिगी दाखवा ओ, मोटार जाईल." काका घडी घालत. सुरेख घडी घालत, ते मान्यच करायला हवं.

लोक मला विचारतात, म्हाताऱ्या माणसाचं वाईट नाही वाटलं? खरं सांगतो. मी रोज सकाळी पहिला चहा दाराकडे तोंड करून प्यायचो, म्हणजे ते फडताळ नीट दिसे.