शाहीनच्या पानातली चूक

नेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, सकाळपासून कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि मी आत खुर्चीत बसून मनातल्या मनात खूश होत होतो... कारण शाहीनची चूक सापडली होती. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आजवर कुणाला सांगितली नाही.

शाहीन माझी विद्यार्थिनी. नेरला माझा कॉम्प्युटर क्लास होता, तिथे शिकली. तिचे अब्बा बसस्टँडजवळ पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. लग्न होऊन ती बोरी अरबला गेली.

कापसाचे ते वाईट दिवस होते. घरात ओढाताण सुरू झाली की पोरांचा क्लास आधी सुटायचा... माझ्याकडे खुर्च्या बारा आणि पोरं तीन. रिकामपणात मी एका ओपन सोर्स इम्युलेटरच्या नादी लागलो.

इम्युलेटर म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, जुन्या धाटणीचा कॉम्प्युटर चालवून दाखवणारा प्रोग्रॅम. जगभरातले लोक हौसेने तो लिहायचे, सगळी चर्चा ईमेलवर. मी दोन वर्षं कोड पाठवत होतो, तो परत यायचा. एकदाच, माझा एकच पॅच, म्हणजे कोडमधला बदल, घेतला गेला. त्या ईमेलची प्रिंट काढून मी क्लासच्या भिंतीवर चिकटवली होती.

शाहीनला या कामाची ओळख मीच करून दिली. तिने कोडला हात लावला नाही, ती डॉक्युमेंटेशन दुरुस्त करायला लागली. वापरणाऱ्यांसाठी लिहिलेली माहितीची पानं वाचायची, त्यातली प्रत्येक पायरी स्वतः करून बघायची, चुकलेलं बदलायचं. मला ते कारकुनी काम वाटायचं... आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनीच झाली, तरीही.

आठेक महिन्यांत त्या लोकांनी सगळी पानं तिच्या ताब्यात दिली. अभिनंदनाचे ईमेल आले. मीही एक ओळ लिहिली, ती लिहायला मला दोन दिवस लागले.

भेटेल तो विचारायचा, तुमचीच ना ती विद्यार्थिनी? मी हसून हो म्हणायचो. आतून नुसता जळायचो... तिने काय असं मोठं केलं होतं?

आणि मग हे जिनिंगचं काम आलं. वजनकाट्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर मेला होता आणि त्यावरचा वजनाचा प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालत नव्हता. पावती निघाल्याशिवाय गाडी रिकामी होत नसे. तिथले मुनीम गुलाबराव मला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेले.

मी इम्युलेटरची सगळ्यात ताजी आवृत्ती टाकली, जुन्या डिस्कची कॉपी त्यात घातली, प्रोग्रॅम सुरू झाला. पण काट्यावर भरलेली गाडी आणि स्क्रीनवर शून्य. काट्याची केबल ज्या पोर्टला लावली होती, तो इम्युलेटरला दिसतच नव्हता.

नाइलाजाने शाहीनचं पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं की पोर्टचं नाव दिलं नाही तरी इम्युलेटर पहिला पोर्ट आपोआप घेतो. घेत नव्हता. तीनदा करून पाहिलं... शून्य.

काय आनंद झाला म्हणून सांगू! डेटा कार्ड लावून मी तिथूनच सगळ्यांना ईमेल टाकला. इथे कापसाच्या गाड्या अडकल्यात आणि आपलं पान चुकीचं आहे, पानं सांभाळणाऱ्यांनी ती एकदा चालवून तरी बघावीत. तिचं नाव लिहिलं नाही... गरजच नव्हती.

गुलाबराव दारात आले. "सर, होऊन राह्यलं का काही? बैलं सकाळपासून उभे हायत." मी म्हणालो, चूक सापडली. काटा अजून बंदच आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

थोड्या वेळात शाहीनचा फोन आला. मला वाटलं, रडेल किंवा भांडेल. तिने आधी गाड्या किती आहेत ते विचारलं, मग मी कुठली आवृत्ती टाकली ते. मग पोर्टचं नाव स्वतः लिहून द्यायला सांगितलं. लिहिलं, आणि स्क्रीनवर वजन आलं.

बाहेर पहिली गाडी हलली. मी तरी म्हणालोच, "म्हणजे पान चुकलंच होतं ना?"

ती म्हणाली, "चुकलं सर. पह्यले पोर्ट आपोआपच घेत होता. तुमचा पॅच आला त्यात तो भाग निंगाला, अन् पान तसंच राह्यलं."

फालतू वाटला म्हणून तो भाग मीच काढला होता. कोड बदलणाऱ्याने त्याचं पानही बदलायचं, असा तिथला नियम होता. पॅच पाठवताना मी ते पान उघडूनही पाहिलं नव्हतं.

क्लासवर येऊन ईमेल बघितला. तिने सगळ्यांना लिहिलं होतं की पान जुनं राहिलं होतं, आता दुरुस्त केलंय, चूक दाखवल्याबद्दल सरांचे आभार. माझ्या पॅचबद्दल एक शब्द नाही. खाली दोघातिघांनी मला शाबासकी दिली होती... आणि खरं सांगतो, तासभर मी ती घेतली.

मग बसवेना. चूक माझ्या पॅचमुळे झाली, पान मी बदलायला हवं होतं, एवढं लिहून पाठवलं.

तिला फोन करून विचारलं, माझं नाव का नाही घेतलं? ती म्हणाली, "पानं माह्याकडं हायत सर. त्यात चुकीचं काय हाय, ते मलेच दिसाले पाह्यजे होतं."

ती पानं तिच्याकडे का दिली, ते मला त्या क्षणी कळलं.

मग मीच तिच्याकडून एक पान लिहायला मागून घेतलं. माझं लिखाण तिने दोनदा परत पाठवलं, कुठली पायरी मी करून न बघता लिहिली ते बरोबर ओळखून. पहिल्यांदा फार जळलो... दुसऱ्यांदा थोडं कमी. तिसऱ्यांदा तिने ते ठेवून घेतलं.

शाहीन, हे वाचत असशील तर... तेव्हा तू माझे आभार मानले होतेस, मी तुझे मानलेच नाहीत. आज मानतो.