काजू फोडायला बसलेल्या खातूमॅडम

प्रवेशाच्या मुलाखतीत डॉ. सुलभा खातू यांनी मला विचारलं, "तुम्ही लांज्याच्या ना? काजू फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिलेत?" त्या बायकांच्या समोरून मी रोज शाळेत गेले होते, पण हातांकडे कधी पाहिलं नव्हतं, तसं सांगितलं. मॅडम हसल्या. "मग आता दोन वर्षांत पाहून घ्या." रत्नागिरीत सार्वजनिक आरोग्य आणि धोरण या विषयातलं माझं पदव्युत्तर शिक्षण असं सुरू झालं. प्रबंधाचा विषयही तिथेच ठरला.

काजूच्या टरफलातल्या चिकाने बायकांची बोटं भाजतात, तरी कारखान्याने दिलेले हातमोजे त्या घालत नाहीत. मी कारण लिहिलं, अज्ञान. आणि उपाय, जनजागृती. प्रबंध सादर करायला पंधरा दिवस उरले असताना मॅडमनी तो वाचला आणि विचारलं, "मोजे घालून तुम्ही स्वतः बी फोडलीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या माझ्याबरोबर कारखान्यात आल्या, मोजे चढवून लक्ष्मीकाकी नावाच्या जुन्या कामगार बाईंशेजारी बसल्या. दुपारपर्यंत मॅडमच्या हातून एकही गर अखंड निघाला नाही.

"मोजं घातलं का गराचा अदमास येत नाय वो बाय," काकी म्हणाल्या. "तुकडा पडला का मुकादम वरडतो. त्यापरीस बोटं जळलेली बरी."

परतताना मॅडम म्हणाल्या, "अज्ञान होतं खरं. पण ते आपलं."

प्रबंध नव्याने लिहावा लागला. सहा महिने गेले, ठरलेली नोकरीही गेली. मी रागाने बोलणं सोडलं. मॅडम मात्र आमच्या घरी आल्या आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, "उशीर माझ्यामुळे झालाय. मुलीला काही बोलू नका."

पुढे जिल्ह्याच्या बैठकीत कारखान्याचे मालक म्हणाले, "बायकाच निष्काळजी." मॅडमनी वाद घातला नाही. सोबत आणलेल्या लक्ष्मीकाकींना त्यांनी आपली खुर्ची दिली. "काकी, तुम्हीच सांगा." काकींनी दोन्ही पंजे टेबलावर उघडे ठेवले आणि मोज्यांचं, तुकड्यांचं सगळं सांगितलं.

त्या कारखान्यात बोटांना नीट बसणारे पातळ मोजे आले, तुकड्यावरून ओरडणं थांबलं. सगळीकडे असं झालं नाही, हे मॅडमच आम्हाला आधी सांगतात. पण आज तालुक्यात आरोग्याचं काम करताना कुणालाही अडाणी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मॅडम साठ वर्षांच्या झाल्या, आता निवृत्त होतायत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. यंदाच्या वर्गाने प्रबंध दाखवायला त्यांच्या घरचा पत्ता आधीच मागून घेतलाय, त्यामुळे निवृत्तीत विश्रांती लाभो, अशी खोटी प्रार्थना मात्र मी करणार नाही.