बगळ्याच्या नवरीची अर्धी गोष्ट

दिघाशीची मेघाली मानकोलीच्या एका गोदामात परत आलेल्या मालावर कामाला आहे. गिऱ्हाइकानं नाकारलेली वस्तू उघडून पाहायची, धड असेल तर पुन्हा रॅकवर, नाहीतर रद्दीत. पुस्तकाचा नुसता कोपरा दुमडला तरी ते रद्दीत जातं. चार वर्षं तिची रात्रपाळी होती, आणि जेवणाच्या सुट्टीत ती हीच रद्दीतली पुस्तकं वाचायची.

त्यातही एकाच जातीच्या कादंबऱ्या. परीकथेतली माणसं आजच्या शहरात आणून सोडलेल्या. राक्षसाचा प्राण लिफ्टच्या खोलीत दडवलेला, शापित राजकन्या कॉल सेंटरमध्ये जागी. इंग्रजी अडखळतच वाचायची, शब्द मोबाईलवर शोधायची; पण एकदा आत शिरली की डब्यातली भाकरी वाळून जायची. सकाळी कंपनीच्या बसनं घरी येताना सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक ड्रायव्हरकडे ती निरखून पाहायची. कुणावर काय शाप असेल, काय सांगावं.

घरात ठकुबाई होती. बापाची थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन परत आलेली. मेघालीला लहानपणी गोष्टी तिनंच सांगितल्या, दिवेलागणीनंतर. त्यातली बगळ्याच्या नवरीची गोष्ट सगळ्यांत लांब. मेघाली दर वेळी ती संपायच्या आत झोपून जायची.

शहरातल्या राजकन्या वाचता वाचता तिला ही नवरी आठवू लागली. पण रात्रपाळीमुळे मेघाली घरी असायची ती दिवसाच.

“आते, ती बगळ्याची सांग ना.”

“आता? या उन्हात? दिवसा गोष्ट सांगू न्हाय, बाय. मामा वाट चुकतो.”

“मामाच्या गाडीत मॅप हाय गं.”

“म्यापाला काय ठावं? तुझा मामा रस्त्यावरचा मानूस. मी न्हाय सांगायची.”

देवेशमामा गुजरातच्या लाईनवर कंटेनर चालवतो. एकदा भर दुपारी मेघालीनं फारच गळ घातली तेव्हा ठकुबाईनं सुरुवात केली. खाडीवरच्या बगळ्याशी लग्न झालेली पोर. नवरा दिवसा बगळा, सांजेला माणूस. तो उडून जाऊ नये म्हणून तिनं त्याचं एक पीस भाताच्या कणगीत लपवलं. पीस नाही म्हणून तो झुरायला लागला. मग एक दिवस ती उठली, कणगीपाशी गेली...

तेवढ्यात फोन वाजला. मामा वापीजवळ चुकीच्या रस्त्याला लागून एका बुटक्या पुलाखाली अडकला होता.

“बघितलंस?” ठकुबाई म्हणाली, आणि तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

सुट्टीची संध्याकाळ असायची की. पण त्या संध्याकाळी मेघालीच्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर कादंबरीचा पुढचा भाग.

“काय वाचतंस?”

“गोष्टच गं, आते.”

“सांगतं कोन?”

“लिहिलेली हाय.”

“आनि हुंकार कोन देतं?” ठकुबाई हसली. ऐकणाऱ्यानं ‘हूं’ म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य सांगायचं नाही, अशी तिची रीत.

गोदामातल्या सुपरवायझर रीमा मॅडमनी दोनदा विचारलं, “मेघाली, डे शिफ्ट में जगह है, लेगी क्या?” दिवसपाळीत सुट्टी अर्ध्या तासाची, त्यात कॅन्टीनचा गोंगाट. वाचणार कधी? दोन्ही वेळा ती म्हणाली, “अगले महीने, मॅडम.” सांजेला गोष्ट ऐकायला मिळाली असती, पण आते कुठं जाते आहे, असं तिला वाटलं. गोष्टी सांगणारी माणसं गोष्टींसारखीच टिकतात, असंही वाटलं असेल.

श्रावणात ठकुबाईला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. घशात उरला तो फक्त एक ‘हूं’.

मेघालीनं तिसऱ्यांदा कुणी विचारायची वाट पाहिली नाही. स्वतः जाऊन दिवसपाळी मागून घेतली. आता ती सांजेला दिवा लावून आतेच्या खाटेशी बसते आणि आपल्या कादंबऱ्या आपल्या बोलीत सांगते. लिफ्टमधला राक्षस. ठकुबाई डोळे मिटून वेळच्या वेळी हुंकार देते. राजकन्येला अखेर झोप लागली तेव्हा तर मोठ्यानं दिला.

परवा मेघालीनं बगळ्याची सांगायला घेतली. खाडी, हूं. लग्न, हूं. कणगीतलं पीस, हूं. आता पुढचं तिनं स्वतः जुळवलं होतं, महिनाभर विचार करून.

“मग तिनं पीस काढलं, आनि त्याला परत दिलं.”

हुंकार आला नाही.

“न्हाय? मग जाळलं? आते, जाळलं का?”

ठकुबाईनं डोळे उघडले. ओठ हलले, डावा हात वर आला, हवेत काहीतरी धरल्यासारखा थांबला, आणि खाली गेला. मेघालीनं आणखी तीन शेवट सांगून पाहिले. एकालाही हुंकार नाही.

अजून एक सांगायला तिनं तोंड उघडलं, तर ठकुबाईनं मान भिंतीकडे वळवली होती.