व्याही मागं चालले!

कॉलेजात शिकलेलं मी आयुष्यात एकदाच वापरलं, आणि त्यात सख्ख्या बहिणीचं लग्न मोडायची वेळ आली.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. आमच्या सुंदराच्या दोन सोयरिकी फिसकटल्या होत्या. तिसरी लोणावळ्याची जुळत आली, म्हणून आबा (आमचे वडील), आत्या आणि मी सुपारी फोडायला कामशेतला गाडीत बसलो. होणारे व्याही स्वतः स्टेशनवर घ्यायला येणार होते. मी तेव्हा पुण्याला मानसशास्त्र शिकत होतो. (म्हणजे दोन प्रकरणं वाचून झाली होती!)

लोणावळ्याला घाटाआधी ब्रेक तपासतात, गाडी बराच वेळ थांबते. "गर्दी ओसरू द्या, मग उतरू," असा हुकूम मी सोडला. खिडकीबाहेर दुसरी गाडी उभी होती. एकाएकी तिचे डबे सरकू लागले.

"आरं, गाडी हालली! उतरा!" आबा ओरडले.

"बसा हो आबा! आपली नाही, ती गाडी हलतेय. नजर फसते. मोठमोठ्या जर्मन पंडितांनी प्रयोग केलेत यावर!"

आबांनी दाराकडे पाहिलं. "फलाट बी मागं चाललाय की रं!"

यालाही माझ्याकडे उत्तर होतं. (हेच तर दुर्दैव!) "धबधब्याकडे टक लावून पाहिलं आणि मग शेजारचा कातळ बघितला, की कातळ वर चढताना दिसतो ना? तसंच हे. डोळे मिटा, थांबेल."

आबांनी डोळे मिटले! शिकलेल्या लेकावर केवढा तो विश्वास! आत्याने मात्र मिटले नाहीत.

"मेल्या, व्याही मागं चाललं! हार घिऊन पळत्यात बग!"

"भास, आत्या."

"हाका मारत्यात!"

तेवढ्यात व्याही संपले, फलाट संपला आणि सिग्नलचा खांब माझ्या नाकासमोरून गेला. खांबाबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं!

खंडाळ्याला उतरून आम्ही पायी माघारी लोणावळ्याला निघालो. आबा अवाक्षर बोलले नाहीत. आत्या दोघांच्या वाटचं बोलली. मला सारखी सुंदरा आठवत होती आणि रडू येत होतं.

व्याही दारातच कडाडले, "आमी हार घिऊन धावतोय, अन् तुमी डोळं मिटून बसला! आमचं त्वांड बी बगायचं न्हवतं, तर आलात कशाला?"

आबांनी घडलं ते सगळं सांगितलं. व्याही थक्क! त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं,

"ह्ये... घराण्यात आनखी कुणाला हाय का?"

"न्हाई, न्हाई!" आबांनी हात जोडले. "देवाशप्पत सांगतो, पुण्याला कालेजात लागलं!"

सुपारी फुटली. पुढे कितीतरी वर्षं मी सुंदराकडे गेलो, की तिचे सासरे माझ्या पाठीवरून हात फिरवून विचारायचे, "आता बरं हाय न्हवं?"